काही झालं नाही

एक मोठं जंगल होतं, आणि त्या जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याच्या काठावर अर्जुनाचं उंच झाड होतं. त्या झाडाच्या शेंड्याजवळच्या फांदीवर एक वानर बसत असे. गोष्टीत 'राहत असे' म्हणायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, पण हा राहायचा दुसरीकडे, पलीकडच्या वडावर, बायकोमुलांसोबत. इथे तो नुसता बसायचा. आणि मुलांनो, वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटाचा. लाल तोंडाचं ते माकड. एवढं तरी लक्षात ठेवा, पुढे कुठे चारचौघांत घोटाळा नको.

बसणं हेच त्याचं काम होतं म्हटल्यावर तुम्ही हसलात. हसून घ्या. पण बसून तो काय करायचा तेही ऐका. त्या जंगलात एक बिबट्या होता. तो गवतात शिरला की जमिनीवरच्या कुणालाच दिसत नसे. झाडावरून मात्र दिसायचं, की सगळं गवत वाऱ्याबरोबर एका अंगाला डोलतंय आणि मधलाच एक पट्टा उलट हलतोय. तो पट्टा हलला की वानर घशातून मोठ्याने आवाज काढायचा, "खॅक्, खॅक्". तो ऐकला की पाण्यावर आलेली ठिपक्यांची हरणं उधळायची. बिबट्याचा स्वभाव मोठा मानी. आपण कुणाला तरी दिसलो, एवढं कळलं की तो पाठ फिरवायचा आणि काही घडलंच नाही अशा तोऱ्यात निघून जायचा. पूर्वी गावात रात्रभर जागून राखण करणाऱ्या माणसाला जागल्या म्हणत. जंगलातल्या जुन्या वानरांनी तो शब्द कुठून तरी उचलला होता. आपला वानर त्या पाणवठ्याचा जागल्या होता.

तरणा असताना त्याला या कामाची केवढी मिजास होती. तेव्हा बिबट्या वरचेवर यायचा, याचा आवाज दऱ्याखोऱ्यांत घुमायचा आणि संध्याकाळी वडावर पोरंसोरं याच्याभोवती जमायची. पण पुढे बिबट्यालाही अक्कल आली. इथे वर कुणीतरी बसलेला असतो, इथे काही मिळत नाही, हे त्याने ओळखलं आणि तो दूरच्या टेकड्यांकडे जाऊ लागला. आता बघा गंमत. जागल्या कामाचा असला की बिबट्या येईनासा होतो, आणि बिबट्या येईनासा झाला की जागल्याला वाटायला लागतं, आपण इथे कशाला बसलोय? या कामातली मेख आहे ती. ती काढता येत नाही.

वर्षं गेली. वानराचं निम्मं आयुष्य सरलं. म्हातारा नव्हता तो झाला, पण उडी मारायच्या आधी आताशा फांदी दोनदा बघायचा. सकाळी अर्जुनावर चढायचं, दिवसभर बसायचं, ऊन कललं की उतरायचं. वडावर गेला की वानरीण विचारायची, "काय हो, काय झालं आज?"

"काही झालं नाही."

रोज हेच. तुमच्या घरीही हे चालत असेल. बाबा कामावरून येतात, आई विचारते कसा गेला दिवस, आणि बाबा म्हणतात, रोजचंच. कुठे आई कामावरून येते आणि बाबा विचारतात. उत्तर तेच. आत्ता तुमच्याबरोबर तुमचे बाबा ही गोष्ट ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकत असतील, तर ऐकू द्या त्यांना. तुम्ही वळून बघू नका.

त्या उन्हाळ्यात मात्र वानराचं चित्त थाऱ्यावर राहीना. फांदीवर बसला की उठावंसं वाटे, उठला की बसावंसं. कधी या फांदीवर, कधी त्या. काखेत खाजव, कानामागे खाजव, साल सोलून खाली टाक. एकदा तर त्याने बसल्या बसल्या अख्ख्या डहाळीची पानं उगाच ओरबाडली. खाली ओढा आटला होता, गवत पिवळं पडून माणसाएवढं उभं होतं, आणि साऱ्या रानात पाणी उरलं होतं ते एवढ्या पाणवठ्यात. हरणं यायची, मान वर करून झाडाकडे बघायची, मग खाली मान घालून पाणी प्यायची आणि जायची. वानर त्यांच्या पाठींकडे बघत बसायचा.

"सुतार पक्षी एक ढोली कोरतो, तर ती दिसते," तो रात्री वानरिणीला म्हणाला. "मुंगी दाणा नेते, तर भोकाशी ढीग दिसतो. मी एवढी वर्षं काय केलं, ते दाखव बघू मला."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे गं. सगळं बरंच आहे. तेच तर."

वानरीण पोराला थोपटू लागली. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही, पण नवरा असा बोलायला लागला की त्याच्या अंगावर उत्तर टाकू नये, एवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

आता इथे कोल्हा येतो. कोल्हा आला की सावध बसायचं, हे तुम्हाला सांगायला नको. पण हा कोल्हा लबाड बोलत नव्हता, गोड बोलत होता, आणि ते ओळखायला जरा जड जातं. एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. कोल्हा स्वतः मोठी शिकार करत नाही. बिबट्याने मारलं की मागे उरेल ते खायचं, असा त्याचा संसार. आणि या पाणवठ्यावर त्याला कितीतरी दिवसांत चघळायला हाडूकसुद्धा मिळालेलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा आणि मग त्याचं बोलणं ऐका.

"वानरराव," झाडाखाली बसकण मारत कोल्हा म्हणाला, "तुमच्याकडे बघून जीव तुटतो हो माझा. एवढा गुणी प्राणी, एवढी तेज नजर, आणि आयुष्य चाललंय एका फांदीवर."

वानराने कान टवकारले. इतक्या दिवसांत आपलं दुखणं कुणीतरी बरोबर ओळखलं, असं त्याला वाटलं.

"इतकी वर्षं झाली," कोल्हा म्हणाला, "खालच्यांपैकी कुणी एकाने मान वर करून विचारलं, की बाबा, बरा आहेस ना?"

"विचारलं नाही. मान वर करतात मात्र. रोज करतात, पाणी प्यायच्या आधी."

"फळं पडतात का ते बघत असतील."

"मलाही तसंच वाटतं," वानर म्हणाला.

"मग? अहो, जन्म एकदाच मिळतो. आपल्याला नक्की काय हवंय, आपण कशासाठी आलोय, हे शोधायला नको का? मनाचं ऐका, वानरराव. मन सांगेल तिकडे जा."

"आणि इथे कोण बसणार?"

"इथे बिबट्या शेवटचा कधी आला होता?"

वानराने आठवून बघितलं. आठवेना.

"मग झालं तर," असं म्हणून कोल्हा उठला, अंग झटकलं आणि टेकड्यांच्या दिशेने निघून गेला. तिकडे त्याचं काय काम होतं, हे वानराच्या डोक्यात आलं नाही. तो स्वतःच्याच विचारात गढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानरिणीला "येतो" म्हणून तो निघाला, आणि अर्जुनाकडे जायच्या ऐवजी उलट्या वाटेला लागला. पहिल्यांदा गेला सुतार पक्ष्याकडे. म्हणाला, "मला तुझं काम शिकव."

सुतार पक्षी वाळक्या खोडावर ठकठक करत होता. त्याने सरकून जागा दिली. वानराला चोच नव्हती, म्हणून त्याने कपाळ वापरलं. चार ठोके दिले, तोवर कपाळावर टेंगूळ आलं आणि खोडाला ओरखडासुद्धा उमटला नाही.

"तुला झाडातले किडे आवडतात का?" सुतार पक्ष्याने विचारलं.

"छे."

"मग डोकं कशाला आपटतोयस?"

"काहीतरी करून दाखवावंसं वाटतंय."

"कुणाला?"

वानर कपाळ चोळत खोडावरून खाली उतरला. सुतार पक्षी पुन्हा ठकठक करू लागला, त्याला त्याचे किडे होते.

संध्याकाळी वानरिणीने टेंगूळ बघितलं. "काय झालं?"

"काही झालं नाही," वानर म्हणाला. इतकी वर्षं हे उत्तर खरं होतं. आज पहिल्यांदा ते खोटं होतं.

मग तो मुंग्यांकडे गेला. त्या लांब रांग धरून एकेक दाणा नेत होत्या. वानराला वाटलं, हे सोपं आहे, आणि हे दिसतंही. त्याने पसाभर दाणे उचलले आणि एका दमात त्यांच्या भोकाशी नेऊन ओतले. भोक बुजलं. आतल्या आत राहिल्या, बाहेरच्या बाहेर. एक मुंगी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर चढून म्हणाली, "वाट बुजवलीस ती बुजवलीस. शिवाय आमचं आठ दिवसांचं काम संपवून टाकलंस. आता आम्ही काय तुझ्यासारखं भटकत फिरायचं?" आणि तिने त्याला कडकडून चावा घेतला. चूक वानराचीच होती. मुंगीला दोष देऊ नका.

असे दोन-चार दिवस गेले. मन सांगेल तिकडे तो गेला, पण मन तरी धड काही सांगत होतं का? इकडे जा म्हणायचं, आणि इकडे पोचला की तिकडे जा म्हणायचं. कपाळ ठणकत होतं, अंगठा सुजला होता, आणि त्या भटकण्यात पाण्याचा घोटही नीट मिळाला नव्हता. शेवटी तहानेने जीव कासावीस झाला तेव्हा पावलं आपोआप ओळखीच्या पाणवठ्याकडे वळली. झाडावरून जायचं त्राण नव्हतं, म्हणून तो जमिनीवरून, गवतातून चालत गेला. या वाटेने तो आयुष्यात पहिल्यांदाच जात होता.

झाडोऱ्याच्या कडेला येतो तो समोर अख्खा कळप उभा. तीच हरणं. वरून त्याला कायम त्यांच्या ठिपक्यांच्या पाठी दिसायच्या. आज समोरून डोळे दिसले. डोळे खोल गेले होते, तोंडं कोरडी पडली होती, बरगड्या मोजता आल्या असत्या. आणि पाणी तिथून चार उड्यांवर चमकत होतं. कुणी जागचं हलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, अर्जुनाच्या झाडाकडे.

वानर गोंधळला. पुढे उभ्या असलेल्या एका हरिणीला त्याने विचारलं, "ताई, पाणी समोर आहे. मग अशा उभ्या का तुम्ही?"

"शेपूट नाही," हरिणी म्हणाली.

वानराने दचकून आपलं शेपूट चाचपलं. "कुणाचं?"

"त्या झाडावरचं. रोज तिथे एक शेपूट लोंबत असतं. ते दिसलं की पाणी प्यायचं, नाही दिसलं तर थांबायचं. माझ्या आईने मला हेच शिकवलं, मी माझ्या पाडसाला तेच शिकवलंय. आज इतके दिवस झाले, शेपूट नाही. ओढ्यातला चिखल चाटून दिवस काढले, आता तोही सुकला."

"पण तुम्ही तर वर बघता ते..." वानर अडखळला. "फळं पडतात का, ते बघायला ना?"

"अर्जुनाची फळं?" इतक्या तहानेतही हरिणीला हसू आलं. "ती लाकडासारखी फळं कोण खातं, दादा?"

एवढी वर्षं तो त्याच झाडावर बसला होता. त्या फळांना कुणी तोंड लावत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी कोल्हा म्हणाला आणि त्याने मान डोलावली. आपल्या मनात आधीपासून जे सलत असतं, ते दुसरा बोलला की आपल्याला फार खरं वाटतं.

"तो जो वर बसतो," वानराने हळूच विचारलं, "त्याला तुम्ही ओळखता?"

"नाही बाई. तो पानांत असतो. तोंड कधी बघितलं नाही त्याचं. आवाज ऐकलाय, फार दिवसांपूर्वी, मी लहान असताना." हरिणी पुन्हा वर बघू लागली. "ते शेपूट झाडावर यायच्या आधी माझ्या आईची दोन पाडसं या पाण्यावरच गेली. नंतर मी झाले, आणि मी जगले. एवढं मला माहीत आहे. संध्याकाळी झोपायच्या आधी मी माझ्या पाडसाला जवळ घेते आणि विचारते, काय रे, काय झालं आज? ते म्हणतं, काही झालं नाही. हे त्याच्या तोंडून ऐकलं, की मगच माझे डोळे मिटतात."

हेच शब्द, अगदी हेच, वानर रोज घरी जाऊन बोलत होता, आणि बोलताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. तेच शब्द ही बाई रोज कानांत साठवून झोपत होती. त्याला तिथल्या तिथे जमिनीत शिरावंसं वाटलं. मीच तो, असं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"माझं पाडस कुठे आहे?" हरिणी म्हणाली.

ते तिच्या शेजारी नव्हतं. मोठी माणसं बोलत असताना लहानांना तहान आवरत नाही. ते कळपातून सटकून एकटंच पाण्यापाशी पोचलं होतं, पुढचे पाय चिखलात, मान खाली. हरिणीच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. कळपाने पाय आपटले, पण पाडसाचे कान पाण्यापलीकडे काही ऐकत नव्हते.

वानराने गवताकडे बघितलं. सवयीने, उलट हलणारा पट्टा शोधला. काही दिसेना. डोळ्यांसमोर नुसत्या पिवळ्या काड्या, त्यांच्यामागे आणखी काड्या. वरून जे सगळं तळहातावर असल्यासारखं दिसायचं, ते खालून भिंतीसारखं होतं. गवतात काही असेल, काही नसेलही. त्याला कळलं, की ही हरणं रोज या भिंतीसमोर उभी राहून मान खाली घालतात. हिंमत कुठून आणतात? एका शेपटाच्या भरवशावर. वानराला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

तो पळत सुटला. कपाळाचं टेंगूळ, सुजलेला अंगठा, सगळं विसरून अर्जुनाचं गुळगुळीत खोड त्याने गाठलं आणि वर चढला. दुसरी फांदी, तिसरी फांदी, आणि त्याची ती जुनी जागा. खाली बघतो तर काय, पाण्याच्या अलीकडच्या काठाला, पाडसापासून एका झेपेवर, गवतात पिवळी पाठ दबली होती. त्याच्या बऱ्याच मागे एका दगडाआड कोल्हा बसला होता, जिभल्या चाटत. टेकड्यांकडे जाऊन बिबट्याला कुणी सांगावा दिला होता, ते आता वानराला समजलं.

त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. घसा कोरडा ठणठणीत. बिबट्याची शेपटी जमिनीवर एकदा आपटली. झेप घेण्याआधी तो तसंच करतो. वानराने डोळे मिटले, पोटातून सगळा जीव गोळा केला, आणि मग ते आलं, "खॅक्".

पाडस वळून बघायला थांबलं नाही. आईने शिकवलं होतं तसं ते जागच्या जागी आडवं उडालं आणि गोळीसारखं सुटलं. बिबट्याची झेप पडली ती नुसत्या चिखलात. तो उठला. पोटाला, मिशांना चिखल. त्याने मान वर करून झाडाकडे बघितलं, आणि बिबट्याला झाडावर चढता येतं, हे वानराला चांगलं माहीत होतं. तरी तो हलला नाही. "खॅक्, खॅक्, खॅक्," तो ओरडत राहिला, आता आवाज मोकळा झाला होता, साऱ्या रानात घुमत होता. बिबट्याने पंजा झटकला, इकडे तिकडे बघितलं, आणि आपण चिखलात लोळायलाच आलो होतो अशा थाटात टेकड्यांकडे निघून गेला.

कोल्हा दगडाआडून बाहेर आला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण जीभ काही थांबेना. "वानरराव, तुम्ही तर निघून गेला होतात ना?"

"आलो परत."

"मनाचं ऐकायचं सोडून?"

"मनाचं आज ऐकलं," वानर म्हणाला. "इतके दिवस तुझ्या पोटाचं ऐकत होतो."

कोल्हा शेपूट पाडून झाडीत शिरला. बोलण्यासारखं काही उरलं नसलं की तो निघून जातो, हा एक गुण त्याच्यात आहे.

थोड्या वेळाने कळप परत आला. पाडस आईच्या पोटाशी चिकटून होतं आणि अजून थरथरत होतं. पाण्याच्या कडेला येऊन सगळी थांबली. कुणी मान खाली घालेना. सगळे डोळे पुन्हा वर. वानराला आधी कळलंच नाही, ही आता कशासाठी खोळंबलीत. मग लक्षात आलं. भीतीने त्याने आपलं शेपूट फांदीभोवती गच्च गुंडाळून घेतलं होतं. त्याने ते हळूहळू सोडलं आणि पानांतून खाली लोंबू दिलं.

हरिणीने ते बघितलं. मान खाली घातली. मग दुसरीने, तिसऱ्याने, सगळ्या कळपाने. कोरड्या घशांतून पाणी उतरत असल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. हा आवाज रोजच येत असणार. वानराने तो आज पहिल्यांदा ऐकला, आणि स्वतःची तहान विसरून ऐकत बसला. त्याचे डोळे भरून आले होते, पण वर बघायला कोण होतं?

पाणी पिऊन झाल्यावर पाडसाने विचारलं, "आई, मघाशी तुझ्याशी बोलत होता तो वानर कुठे गेला?"

"कामाला गेला असेल," हरिणी म्हणाली.

ऊन कललं. हरणं गेल्यावर वानर खाली उतरला, पोटभर पाणी प्यायला आणि वडावर परतला. वानरिणीने त्याच्या कपाळाकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, चिखलाने माखलेल्या पायांकडे बघितलं.

"काय हो, काय झालं आज?"

"काही झालं नाही," वानर म्हणाला.

शब्द रोजचेच होते. पण वानरीण पोराच्या डोक्यातल्या उवा काढता काढता थांबली. "बसा इथे," ती म्हणाली, "आणि काय काय झालं नाही, ते सगळं सांगा मला." आणि त्याने सांगितलं. पोरंसोरं कितीतरी वर्षांनी त्याच्याभोवती जमली.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून वानर सुखी झाला आणि गोष्ट संपली. तसं काही नसतं. आठवड्याभरात त्याला दुपारी पुन्हा चुळबुळ सुटली. पुन्हा काखेत खाजव, कानामागे खाजव. बिबट्या काही लगेच परत आला नाही आणि दिवस लांबच्या लांब होते. पण एक त्याने ठरवून टाकलं. अगदीच करमेनासं झालं की तो वडावरच्या एका चुलतभावाला आपल्या जागी बसवायचा, त्याचं शेपूट नीट खाली सोडून घ्यायचा, आणि स्वतः जमिनीवर उतरून कळपामागे गवतात जाऊन उभा राहायचा. नुसता उभा राहायचा आणि त्या पिवळ्या भिंतीकडे बघायचा. भीती वाटू लागली, की परत वर जाऊन बसायचा. हरणांना वाटे, हा कुणीतरी भटका वानर आहे, अधूनमधून येतो, बोलत काही नाही. त्याने त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

तर मुलांनो, आज घरात कुणी दमून आलं आणि 'रोजचंच' म्हणालं, तर पुढे एक प्रश्न विचारून बघा. तुम्ही आज तिथे गेला नसता, तर कोण तहानलेलं राहिलं असतं? उत्तर लगेच येणार नाही. त्यांना जरा विचार करू द्या. तोवर पाणी आणून द्या.

तात्पर्य : कामाचा वीट आला की दुसरं झाड धुंडाळण्याआधी एकदा आपल्याच झाडाखाली उतरून उभं राहावं, आपण कंटाळून म्हणतो ते 'काही झालं नाही' ऐकूनच खाली कुणीतरी निर्धास्त झोपत असतं.